पाणी, काच, बर्फ आणि कॅमेरा: घरच्या घरी किती खर्च येतो?

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘प्रकाशाचे अपवर्तन’ हा अख्खा धडा आहे. पाण्यात वाकडी दिसणारी पेन्सिल, लोलकातून फुटणारे सात रंग, हे सगळे भाईंदरच्या इंद्रलोकमधल्या वन रूम किचनमध्येही उत्तम टिपता येते. अडते ते खरेदीपाशी. दुकानात गेलात की आधी मॅक्रो लेन्स पुढे केली जाते, आणि तिची गरज सर्वांत शेवटी लागते. पैसे आधी उजेडावर, मग काच आणि पाण्यावर, मग स्टँडवर घाला. लेन्सचा विचार त्यानंतर. पुढचे भाव ढोबळ आहेत, दुकानागणिक थोडे कमी-जास्त होतील.

उजेडाला खर्च जवळपास नाही. पाण्यातून टेबलावर पडणारी उजेडाची जाळी रेखीव हवी असेल, तर उजेड एका बिंदूतून आला पाहिजे. ट्यूबलाइट लांबलचक असल्यामुळे तिच्याखाली ही जाळी पुसट होते. खिडकीतून येणारे सकाळचे ऊन सर्वांत चांगले. तुमच्या खिडकीला ऊन येत नसेल, तर घरातल्या दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च दोन-तीन हात लांब धरा. वेगळा एलईडी टॉर्च घ्यायचाच तर २०० ते ३०० रुपयांचा पुरे. त्यासोबत काळा आणि पांढरा कार्डशीट, मिळून ५० रुपये.

काच मात्र निवडून घ्या. भांड्यांच्या दुकानात सरळ उभ्या भिंतीचा, नक्षी नसलेला ग्लास मागा. ६० ते १०० रुपयांत मिळतो. विकत घेण्याआधी तो उजेडाकडे धरून फिरवा. आत बुडबुडा किंवा लहर दिसली तर ठेवून द्या, कारण फोटोत ती दुप्पट खटकते. आता या ग्लासात पाणी भरा आणि मागे तिरप्या पट्ट्यांचा कागद धरा. कागद ग्लासला टेकलेला असताना पट्टे रुंद होतात, पण दिशा तीच राहते. कागद हळूहळू मागे न्या. सात सेंटिमीटर रुंदीच्या ग्लासामागे तो साधारण साडेतीन सेंटिमीटरवर गेला की पट्टे विस्कटतात, आणि त्यापुढे सरकताच उलट्या दिशेला झुकतात. पाणी भरलेला ग्लास बहिर्वक्र भिंगाचे काम करतो आणि डावे-उजवे फिरवतो. इथे फोकस ग्लासच्या काचेवर धरू नका, आत दिसणाऱ्या पट्ट्यांवर धरा. मोबाइलच्या स्क्रीनवर त्या जागी बोट दाबून ठेवले की फोकस तिथेच लॉक होतो.

पाण्याबद्दल आपल्याकडे जरा जास्त काळजी घ्यावी लागते. टँकरचे किंवा बोअरचे पाणी वाळले की काचेवर पांढरे डाग सोडते. आरओचे पाणी घ्या, उकळून पूर्ण गार होऊ द्या. उकळल्याने विरघळलेली हवा निघून जाते आणि ग्लासच्या आतल्या बाजूला बारीक बुडबुडे धरत नाहीत. गरम पाणी मात्र साध्या काचेत ओतू नका, ती तडकते.

दोन-अडीचशे रुपये हाताशी असतील तर मी आग्रहाने सांगेन, ग्लिसरीन घ्या. केमिस्टकडे ४०० ते ५०० मिलीची बाटली साधारण १५० ते २५० रुपयांना येते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, साध्या काचेचा सुमारे १.५२, ग्लिसरीनचा १.४७. प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेट काचेचाही १.४७ च. त्यामुळे बोरोसिलिकेटची परीक्षानळी ग्लिसरीनने भरून ग्लिसरीनमध्येच बुडवली की बुडालेला भाग दिसेनासा होतो आणि वरचा काठ तेवढा हवेत तरंगल्यासारखा उरतो. परीक्षानळी २० ते ३० रुपयांना आणि बीकर २०० च्या आसपास, मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला मिळतो. शिवाय पाण्यात थोडे ग्लिसरीन मिसळले की पानावरचा थेंब लवकर सुकत नाही, आणि त्या थेंबात मागचे फूल उलटे टिपायला सवड मिळते.

बर्फ विकत आणू नका. मासळीसाठी वापरतात तो बर्फ खाण्याचा नसतो आणि त्यात निळा रंग घालण्याचा नियम राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये केला. फोटोत तो निळेपणा उतरतो. घरच्या ट्रेमधला बर्फ चहूबाजूंनी गोठतो, हवा मध्यभागी कोंडते आणि गाभा पांढरा होतो. नुसते पाणी उकळून हे पुरते सुटत नाही. औषधाच्या दुकानात लशी येतात तो थर्मोकोलचा छोटा डबा मागा, बहुधा फुकट मिळतो. पाणी भरून, झाकण न लावता फ्रीजरमध्ये ठेवा. गोठणे फक्त वरून खाली होते आणि हवा तळाकडे ढकलली जाते. तळाशी थोडे पाणी शिल्लक असतानाच बाहेर काढा, वरचा भाग काचेसारखा निघतो. लगेच फोटो काढू नका. पृष्ठभागावरचे पांढरे हिव विरघळेपर्यंत पाच-दहा मिनिटे थांबा आणि सुती कापडाने टिपून घ्या.

मोबाइलचा साधा स्टँड ५०० ते ७०० रुपये. इथवरचा एकूण हिशेब साधारण १,२०० ते १,७०० रुपयांत बसतो, आणि फोन बरा असेल तर एवढ्यात छापण्याजोगे फोटो मिळतात.

डीएसएलआर आधीपासून असेल तर क्लोजअप फिल्टरचा सेट ५०० ते ८०० ला घ्या. त्याच्या जोडीला ८०० ते १,५०० चा पोलरायझर घेतला, तर बर्फाचा पातळ तुकडा काचेच्या बशीत धरून, एलसीडी मॉनिटरच्या पांढऱ्या स्क्रीनसमोर बर्फातले स्फटिक रंगीत दिसतात. बशी स्क्रीनपासून लांब धरा, पाणी आत जाऊ देऊ नका. मॅक्रो लेन्स नवी घेतली तर हजारोंच्या घरात जाते. आधी अंधेरीहून दिवसाच्या भाड्याने आणून पाहा. भाडे साधारण ५०० ते ९०० रुपये, अनामत वेगळी. अनामत किती आणि ती कधी परत मिळेल, हे लिहून घ्या.

जुनी लेन्स फोर्टात बोरा बाजारला घेणार असाल तर स्वतःचा टॉर्च न्या. लेन्सच्या मागून उजेड टाकून तिरपे पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त असली तरी सोडा. भाईंदरला खाडी आणि मिठागरांची हवा असल्याने लेन्स पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवावी.

काचेचा गोळा किंवा पाण्याची भरलेली बाटली खिडकीत उन्हात ठेवून जाऊ नका, उजेड एका ठिकाणी साठून पडदा पेटू शकतो. त्यातून सूर्याकडेही पाहू नका.

आणि बिल घ्याच. ‘बिलाशिवाय स्वस्त’ म्हणून घेतलेल्या वस्तूची वॉरंटी मागता येत नाही. दुकानदार बिल देत नसेल किंवा सदोष माल बदलत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.