चित्राचा विषय कोठे सापडतो?

चित्रकलेच्या तासाला "काय काढू?" हा प्रश्न आम्हांला सर्वाधिक ऐकावा लागतो. उत्तर न सुचल्यास विद्यार्थी भिंतीवरील तसबिरीची नक्कल करतात. तिने हात वळतो. मात्र विषय शोधण्याची दृष्टी लाभत नाही.

ही दृष्टी देणारा पाठ आपल्या परिसरातच आहे. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेकाठी पवनी येथे १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूप उजेडात आला. तेथील एका शिल्पात मुचलिंद नाग कोरला आहे. त्याच्या फण्याखालील आसन मात्र रिक्त आहे. आरंभीच्या शिल्पकारांनी तथागतांची मूर्ती न घडविता बोधिवृक्ष, धम्मचक्र, पदचिन्हे व रिक्त आसन यांतून त्यांचे अस्तित्व सूचित केले.

यावरून आम्ही विद्यार्थ्यांना तीन पायऱ्या सांगतो. प्रथम एक प्रसंग निवडावा. त्या प्रसंगाशी निगडित दहा वस्तूंची यादी करावी. शेवटी सर्वांत बोलकी वस्तू ठेवून उरलेल्या वगळाव्यात. १४ ऑक्टोबर १९५६ चा दीक्षा सोहळा घ्या. गर्दी रेखाटणे कठीण. पण धुळीने माखलेल्या वहाणा, शिदोरीचे गाठोडे, शुभ्र लुगडे यांपैकी एकही वस्तू तो दिवस उभा करू शकते.

तो दिवस पाहिलेली पिढी आता विरळ होत आहे. म्हणून पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, घरातील वडीलधाऱ्यांजवळ मुलांना बसवावे, आठवणी ऐकू द्याव्यात, जपलेल्या वस्तू हाताळू द्याव्यात. मग विषयांची वाण पडणार नाही.