लघवीतील ‘पस सेल्स’ : घाबरू नका, पण गोळीची घाई नको

लघवीच्या तपासणीचा कागद हातात पडला, की ‘पस सेल्स १० ते १२’ या ओळीवर नजर थांबते. लघवीतून पू जातो की काय, या धास्तीने अनेकजण थेट औषधाचे दुकान गाठतात आणि चार गोळ्या घेऊन येतात. नेमकी येथेच चूक होते.

पस सेल्स म्हणजे आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी, शरीराचे शिपाईच. सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रात त्या ५ पर्यंत असल्या तर काळजी नसते. जास्त असल्या तर मूत्रमार्गात कोठेतरी दाह असावा. कारण जंतुसंसर्ग असेल किंवा मुतखडा. स्त्रियांमध्ये अंगावरचे पांढरे पाणी नमुन्यात मिसळले तरी आकडा वाढतो. म्हणून बाहेरचा भाग पाण्याने धुवून, पहिली धार सोडून मधली धार बाटलीत घ्यावी. आखाडा बाळापूरला खेड्यावरून येताना बाटली घरून भरून आणू नये. उन्हात जंतू वाढतात, पेशी फुटतात. नमुना तपासणीच्या ठिकाणीच द्यावा.

गोळी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना ‘कल्चर’बद्दल विचारा. त्यात कोणता जंतू आहे आणि त्यावर कोणते औषध चालते, हे कळते. अर्धवट गोळ्या घेतल्या, की जंतू उगवत नाही आणि कारण झाकले जाते.

पेशी वारंवार दिसतात, पण कल्चरमध्ये काहीच उगवत नाही, अशा वेळी मूत्रपिंडाच्या क्षयाचाही विचार करावा लागतो. क्षयाचा जंतू साध्या कल्चरमध्ये उगवत नाही, त्याची तपासणी वेगळी असते. वेळेवर ओळखल्यास हा आजार बरा होतो आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. उशीर झाला तर मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

थंडी वाजून ताप, कमरेच्या वर बाजूला दुखणे, उलट्या किंवा लघवीतून रक्त असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गरोदर स्त्री, लहान मूल आणि मधुमेही यांच्या बाबतीत अजिबात थांबू नये. गरोदरपणी त्रास नसला तरी कल्चरमध्ये जंतू आढळल्यास उपचार घ्यावेच लागतात.

हळद काढणीच्या दिवसांत शेतात आडोसा नाही, म्हणून आपल्या आयाबहिणी पाणी कमी पितात, लघवी दाबून धरतात. हे टाळावे. भरपूर पाणी प्यावे. आणि तपासणीचे जुने कागद फेकू नका, डॉक्टरांना दाखवा.