परक्या बांधावरचे नाकतोडे

गेल्या महिन्यात कणकवलीहून दोन विद्यार्थी माझ्याकडे आले आणि पाळलेल्या कोळ्यांस खाऊ घालण्यासाठी किडे कोठे धरावेत, असे त्यांनी मला विचारले. ‘कोठेही धरू नका’, एवढेच उत्तर मी त्यांना त्या क्षणी देऊ शकलो, व ते त्यांस तुसडेपणाचे वाटले असल्यास त्यात त्यांचा दोष नाही. तीन वर्षे जी गोष्ट मी घराबाहेर काढली नाही ती त्यांच्या प्रश्नाने पुन्हा वर आली. आमच्या नांदगावात आजही ‘माशा पोसणारे ते’ असा माझा उल्लेख होतो, आणि ज्याच्या एका खोट्या शब्दापायी माझ्या घरातील तीन जीव गेले तो गृहस्थ मात्र तिठ्यावर उजळ माथ्याने चहा पीत असतो. तेव्हा हकिगत काय घडली ते एकदा माझ्याच हाताने कागदावर यावे, हे बरे.

माझे कोळी कोणी परदेशातून मागविलेले नव्हते. आपल्याकडील जुन्या कौलारू घरांत रात्री भिंतीवरून हिंडणारा, जाळे न विणता झुरळांवर झडप घालणारा, चपट्या अंगाचा जो मोठा कोळी आहे, ज्यास लिनीअसने १७६७ साली शास्त्रात नोंदविले व जो आज हेटरोपोडा व्हेनॅटोरिया या नावाने ओळखला जातो, त्याच जातीच्या तीन माद्या व एक नर मी चार डब्यांत चौदा महिने सांभाळले होते. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसास हा कसला नाद, असे पुष्कळांनी विचारले. २०२१ साली ठाणे परिसरातील एका नव्या कोळ्यास, मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यात प्राणार्पण करणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ‘आयसियस तुकारामी’ असे नाव शास्त्रज्ञांनी दिले, हे मी त्यांना सांगत असे. ज्या प्राण्याला एका हुतात्म्याचे नाव देणे अभ्यासकांस उचित वाटले, त्याची किळस करण्याचे कारण मला आजवर उमगलेले नाही.

तो कार्तिक महिना होता. भातकापणी होऊन मळे रिकामे झाले होते, पण बांधावरचे गवत अजून हिरवे होते आणि त्यात नाकतोड्यांची नुसती रेलचेल होती. माझ्या कुंपणापलीकडे हापूसची बाग आहे. ती ज्या ठेकेदाराने घेतली होती त्याला मी आदल्या दिवशी, तो बागेत उभा असताना, समक्ष विचारले होते. पालवी फुटली की तुडतुड्यांसाठी पहिली फवारणी होते हे या जिल्ह्यात पोरासोरांनाही ठाऊक आहे, आणि झाडांची पालवी तर डोळ्यांसमोर तांबूस-पोपटी दिसत होती, म्हणूनच विचारले. त्याचे शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात: “काकानू, फवारणी अजून करूक नाय. औषध मारूक आठ दीस आसत. बिनघोर धरा.” मी त्याच्या शब्दावर विसंबलो आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी बांधावरून नऊ नाकतोडे धरून आणले.

त्यांपैकी चार, एका डब्यास एक याप्रमाणे, रात्री घातले. उरलेले पाच बरणीत राहिले. थोरल्या मादीपाशी त्या वेळी अंड्यांची पिशवी होती. या जातीची आई ती चपटी, रुपयाएवढी पांढुरकी पिशवी पोटाखाली धरून वागविते आणि त्या काळात बहुधा अन्नास तोंडही लावीत नाही. त्या रात्री मात्र तिने नाकतोडा धरला, याचा मला आनंद झाला होता.

पहाटे दिवा घेऊन पाहिले तो पिशवी डब्याच्या तळाशी पडलेली. आई तिच्यापासून वीतभर दूर, एका कुशीवर कलंडलेली, आणि तिचे पुढचे दोन पाय, आपण थंडीत दात वाजवितो तशा लयीने, अखंड थरथरत होते. ती उठू पाही आणि आठही पाय निरनिराळ्या दिशांना जात. कोळ्याच्या पायांतील मुख्य सांधे सरळ करण्यास स्नायू नसतात, अंगातील द्रवाच्या दाबावर ते उघडतात. तो दाब गेला की पाय आपोआप पोटाशी मिटतात. ते मिटणे मी दीड तास पाहिले. एकेक पाय आत येई, पुन्हा अर्धा उघडे, आणि मग उघडेनासा होई. दुसरी मादी व नर आधीच मिटून पडले होते.

चौथ्या डब्यातील लहान मादीने दोनच दिवसांपूर्वी कात टाकली होती. अंग कठीण झालेले नसल्यामुळे तिने शिकार केली नव्हती. ती बुचाच्या तुकड्यामागे निश्चल बसली होती, व तिच्या डब्यातील नाकतोडा तिने न शिवलेला असूनही पाठीवर पडून मागचे पाय झाडीत होता. मी बरणीकडे वळलो. तेथले पाचही तसेच, पाठीवर. ज्याने खाल्ले तो मेला आणि जिने खाल्ले नाही ती जगली, एवढी रुजवात झाल्यावर आणखी पुराव्याची मला गरज उरली नाही. तरीही उजाडताच बागेत गेलो. पालवीच्या टोकांवर सुकलेल्या थेंबांचे पांढुरके ठिपके होते आणि चिऱ्याच्या गडग्यालगत डेल्टामेथ्रीनची रिकामी बाटली पडली होती. आंब्याच्या वेळापत्रकात पहिल्या फवारणीस याच औषधाची शिफारस असते, तेव्हा फवारणी करणे हा त्याचा अपराध नव्हताच. हे औषध मज्जातंतूंचे दार उघडते आणि मिटू देत नाही. तुडतुड्यास जे होते तेच कोळ्यासही होते. त्याचा अपराध इतकाच, की विचारल्यावर त्याने खोटे सांगितले.

जाब विचारला तेव्हा त्याने आधी साफ इनकार केला. बाटली दाखविली तेव्हा म्हणाला, “गडी मारून गेलो आसतलो, माका काय ठावक?” आणि मग चारचौघांकडे पाहून हसला. “घरातले कोळी आमी केरसुणीन मारतव, काकानू, तुमी तेंका पोसतास!” त्या हसण्याची भरपाई कोणत्या कचेरीत मागावी? गुरे दगावली तर पंचनामा होतो, झाड पडले तर नुकसानीचा अर्ज घेतला जातो; माझे तीस वर्षांचे दप्तरी आयुष्य अशाच कागदांत गेले. या तीन जीवांसाठी मात्र कोठे कागदच नव्हता.

त्या दिवसापासून परक्या बांधावरचा एकही किडा या घरात आलेला नाही. ज्यास कोळी पाळावयाचा आहे त्याने त्याचे अन्न घरी वाढवावे, कारण त्या अन्नाने काय खाल्ले हे केवळ तेव्हाच निश्चित सांगता येते. हे काम अवघड नाही.

बाळकोळ्यांसाठी चिलटे. पिकल्या केळ्यावर जमणारी ही लहान माशी, ड्रोसोफिला, थॉमस हंट मॉर्गनने न्यूयॉर्कमधील आपल्या प्रयोगशाळेत दुधाच्या बाटल्यांत वाढविली, आणि १९१० साली त्याला तीतच पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला. यावरून तिला फार सरंजाम लागत नाही हे ध्यानात यावे. घरचे वेलची केळे सालीसकट चिरून रुंद तोंडाच्या बाटलीत सावलीला ठेवावे. दिवसभरात चिलटे येतात, ती आली की तोंडाला सुती कापड बांधावे. मग दुसऱ्या बाटलीत रवा, गूळ व केळे शिजवून घट्ट लापशी करावी, निवताना चमचाभर व्हिनेगर घालावे म्हणजे बुरशी आवरते, वर चिमूटभर यीस्ट भुरभुरावे, चुरगळलेला कागद उभा खोचावा व त्यात पंचवीस-तीस माशा सोडाव्यात. पंचवीस अंशांच्या सुमारास दहा दिवसांत नवी पिढी उडू लागते. बाजारचे केळे असल्यास साल काढून टाकावी. माशा दुसरीकडे हलविताना बाटली काही मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावी. त्या बधिर होतात आणि कागदाच्या नरसाळ्यातून ओतता येतात.

मला खरा त्रास झाला तो मे महिन्यात. तापमान तीस अंशांवर गेले की या माशांची प्रजा खुंटते. नर वांझ होतात, लापशीत अळ्या दिसत नाहीत, आणि आपण मात्र दोष रव्याला देत बसतो. दोन वेळा माझ्या सर्व बाटल्या अशा बसल्या. अखेर पाण्याने भरलेल्या मातीच्या परातीत बाटल्या उभ्या करून वर ओले पंचे टाकले, पडवीच्या उत्तरेकडील कोपऱ्यात ठेवले, तेव्हा त्या तगल्या. परातीच्या पाण्यामुळे मुंग्याही येत नाहीत. आपल्या आज्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवीत ते याचसाठी. ते पाणी आठवड्याच्या आत बदलावे, नाहीतर डासांची सोय होते. पावसाळ्यात शत्रू वेगळा. बाटलीच्या काचेवर पीठ सांडल्यासारखे दिसून ते पीठ हलू लागले, तर त्या कोळीवर्गातल्याच सूक्ष्म किडी समजाव्यात व ती बाटली त्याच दिवशी उकळत्या पाण्यात घालावी. महिना उलटलेली बाटली ठेवूच नये. प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी लावावी. स्वच्छता पाळावी, नियमितपणा ठेवावा.

मोठ्या कोळ्यांसाठी तांदळातला पतंग. कणीला जाळी धरली म्हणून आपण जी फेकून देतो, तिच्यातील मळकट पांढरी अळी म्हणजे कॉर्सिरा. मित्रकीटक ट्रायकोग्रामा वाढविणाऱ्या प्रयोगशाळांत हीच मुद्दाम पोसली जाते. भरडलेली बाजरी तव्यावर तापवून, निववून, मूठभर शेंगदाण्याच्या कुटासह पसरट डब्यात भरावी, तीत या अळ्या सोडाव्यात आणि झाकणाला बारीक जाळी लावावी. सुमारे दीड महिन्यात पतंग निघू लागतात. प्रयोगशाळेत किडी येऊ नयेत म्हणून बाजरीत गंधक मिसळतात, ते मी मिसळत नाही. कारण आता सांगावे लागू नये. हा डबा घरच्या तांदळाच्या कोठीपासून दूर, शक्य तर दुसऱ्या खोलीत असावा. रातकिडेही सोपे आहेत: अंड्यांच्या पुठ्ठ्याचे ट्रे आडोशाला, आणि वाटीभर ओला काथ्याचा भुसा अंडी घालावयास. नर रात्रभर ओरडतात, सौ.नी आठ दिवस सहन केले. दक्षिण अमेरिकेतील डुबिया झुरळ आणण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकू नये. आपल्या उबदार हवेत ते सुटले तर परत धरता येणार नाही. रानातून टॅरँटुला उचलून आणणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की, पोसिलोथेरिया ही प्रजाती २०१९ साली आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या यादीत आली, आणि १ एप्रिल २०२३ पासून सुधारित वन्यजीव कायदा अमलात असल्याने असे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यावर नोंदणीचे बंधन आहे.

जी लहान मादी वाचली होती ती पुढल्या माघात आई झाली. चैत्रात पिशवी फुटून दीडशेच्या वर पिले निघाली, आणि त्यांच्यासाठी माझ्या पडवीत चिलटांच्या अकरा बाटल्या लागल्या. त्याच ठेकेदाराने त्या पाहिल्या आणि वाडीतल्या मानकऱ्यांपुढे तोंडी तक्रार केली, की मी फळमाशी पोसतो व तिच्यापायी त्याचा आंबा किडला. हे ऐकून मला जो संताप आला तो शब्दांत मांडणे कठीण आहे.

फळमाशी वेगळी, चिलट वेगळे. आंब्याची फळमाशी घरमाशीएवढी असते, तिच्या मादीला टोकदार अंडनलिका असते, आणि पक्व होत आलेल्या धडधाकट फळात ती भोसकून अंडी घालते. चिलट जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचे. त्याला सडलेले, फुटलेले फळच लागते. हे तोंडी सांगून भागले नाही, म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘रक्षक’ सापळा मी आणला. त्यातील मिथिल युजेनॉलच्या वासावर फळमाशीचे नर येतात, चिलटे येत नाहीत. तो मी माझ्या बाटल्यांच्या अगदी वर, हातभर अंतरावर, पडवीत टांगला आणि आठव्या दिवशी मानकऱ्यांसमोर पांढऱ्या कागदावर रिकामा केला. कागदावर पिवळसर पट्ट्यांच्या मोठ्या माशा पडल्या, चांगली ओंजळभर. चिलट एकही नव्हते. मग मी त्या सर्वांना कुंपणापाशी नेले व पलीकडील झाडांखाली पडलेले, कोणी न उचललेले, अळ्यांनी वळवळणारे आंबे दाखविले. गळलेली फळे गोळा करून खोल पुरावीत, अन्यथा त्यांतील अळ्या मातीत कोष करून पुन्हा माशा होतात, हे ज्याने आंब्याचा ठेका घेतला त्याला मी सांगावे?

मानकरी काही बोलले नाहीत. तक्रार मागे घेतल्याचेही त्याने कोणास सांगितले नाही, त्यामुळे गावात पहिले बोलणे राहिले आणि दुसरे पोचलेच नाही.

त्या पिलांपैकी आज नऊ माझ्याकडे आहेत. बाकीची मी रात्री घराच्या कौलांखाली सोडली. त्या दोघा विद्यार्थ्यांना निघताना एकेक बाटली दिली, तारखेची चिठ्ठी लावून. वाटेत बागेच्या बांधाशी धाकटा थबकला; गवतातून नाकतोडे उडत होते. त्याने माझ्याकडे वळून पाहिले, बाटली दुसऱ्या हातात घेतली आणि तो पुढे चालू लागला.