बाळंतिणीचे पहिले ४८ तास आणि पुढचे ४२ दिवस

प्रसूती सुखरूप झाली, पेढे वाटले गेले, म्हणजे रुग्णालयाचे काम संपले, असा समज आपल्या भागात सर्रास आढळतो. वास्तविक मातेच्या व अर्भकाच्या जिवाचा धोका त्या वेळी टळलेला नसतो. कित्येकदा तो तेथूनच सुरू होतो. जमाखर्चाचे आकडे आपणांपुढे ठेवण्यापूर्वी, प्रसूती विभागातील खाट नैसर्गिक प्रसूतीनंतरही दोन दिवस का अडवून ठेवली जाते, याचे विवेचन करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम मातेविषयी. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे एक प्रमुख कारण असून तो बहुधा पहिल्या २४ तासांतच होतो. गर्भाशय आकुंचन पावावे म्हणून बाळ जन्मल्यापासून एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. तरीही रक्त किती गेले हे नुसत्या नजरेने ठरवले, तर अंदाज हमखास कमी निघतो. खुणा केलेल्या पिशवीत रक्त गोळा करून मोजले आणि ठरावीक मर्यादेनंतर सर्व उपचार एकदम सुरू केले, तर गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटतात, असे आफ्रिकेतील चार देशांत झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. आमची घडण वाणिज्य शाखेची. अंदाजाने मांडलेल्या रकमेवर विसंबू नये, हा तेथील पहिला पाठ प्रसूतिगृहातही लागू पडावा, याचे आम्हांस नवल वाटले नाही.

आता बाळाविषयी. बाळाला कोरडे करून आईच्या उघड्या छातीवर ठेवणे, तासाभरात स्तनपान सुरू करणे आणि निदान २४ तास अंघोळ न घालणे, या साध्या वाटणाऱ्या गोष्टींचे मोल फार मोठे आहे. पिवळसर चीक ‘जड’ म्हणून पिळून टाकण्याची आणि मधाचे बोट चाटवण्याची रीत अद्याप पुरती गेलेली नाही. येथे परिचारिकेचा खरा संवाद होतो तो आजीबाईंशी. त्यांना दरडावून काही साधत नाही. ‘आजी, तुमच्याच हातानं बाळाला छातीशी लावा,’ असे म्हटले की काम सोपे होते. दोन दिवसांच्या मुक्कामात बाळ नीट ओढते की नाही, त्याला शी-शू झाली की नाही, अंगावर कावीळ चढते आहे काय, हे पाहता येते. बीसीजी, पोलिओ व कावीळ-बची जन्मावेळची लसही देता येते.

कमी वजनाच्या बाळांकरिता ‘कांगारू मातृसेवा’ ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे, काचपेट्या अपुऱ्या पडल्यामुळे सुरू झाली. एक ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मल्यावर लगेच आईच्या छातीशी बांधून ठेवल्यास पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटतात, हे भारतासह पाच देशांतील अभ्यासाने २०२१ मध्ये दाखवून दिले. या उपचाराला वीज लागत नाही, ही बाब आपल्या जिल्ह्यात विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

घरी जाण्याची घाई दोन कारणांनी होते. एक म्हणजे पाचवी. सटवाईपुढे कोरा कागद व लेखणी ठेवायची तर घरीच, असा आग्रह असतो आणि तो आम्हांस गैर वाटत नाही. नैसर्गिक प्रसूती असेल तर तिसऱ्या दिवशी घरी जाऊनही पाचवी साधते. दुसरे कारण मात्र सांगताना संकोच होतो. मुलगी झाली की भेटीस येणारी माणसे व डबे दोन्ही कमी होतात. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या; राज्यातील हे सर्वांत कमी प्रमाण होते. अशा बाळंतिणीच्या जेवणाची सोय रुग्णालयानेच केली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खरी कसोटी त्यानंतर लागते. गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घेण्यास शिकवले आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून जगापुढे आले. पुढे देशभर आशाताई रुग्णालयातून घरी आलेल्या मातेकडे ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी जाऊ लागल्या. परंतु दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे मुकादमाची उचल फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीला जातात. कोयता हा नवरा-बायकोच्या जोडीचा. ती बसून राहिली की मजुरी अर्धी होते. मग ओली बाळंतीण थंडीत फडावर उभी राहते, तान्हे कोपीत राहते आणि गावच्या आशाताईंच्या वहीतली भेट रिकामी पडते. अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे या तक्रारी वर्षानुवर्षे अंगावर काढल्या जातात. शासनाने नेमलेल्या समितीपुढे २०१९ मध्ये आलेल्या पाहणीनुसार जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. बेचाळिसाव्या दिवशीची तपासणी चुकणे ही किरकोळ बाब का नव्हे, हे या आकड्यांवरून उमगावे.

दुसऱ्या दिवसाची खाट, आईचे जेवण आणि सोबतच्या बाईची निजण्याची जागा यांचा खर्च मोठा नसतो. पण धर्मादाय रुग्णालयांच्या योजनेत देयकांच्या दोन टक्के रकमेतून उभारला जाणारा निर्धन रुग्ण निधी उपचारांसाठीच पुरा पडत नाही. देणग्यांचा उपयोग या ठिकाणी होतो.

नातेवाइकांना एवढीच विनंती, की घरी जाताना मातेजवळ माता व बाल संरक्षण कार्ड असल्याची खात्री करावी व ते फडावरही सोबत न्यावे. लस कोणत्याही जिल्ह्यातील शासकीय केंद्रात विनामूल्य मिळते. बाळ दूध ओढेनासे झाले, अंगाला गार किंवा तापलेले लागले, श्वास जोरात घेऊ लागले, अथवा आईला कपडा भिजवणारा रक्तस्राव, ताप किंवा झटके आले, तर मुकादमाच्या परवानगीची वाट न पाहता १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. दुसरे अपत्य मुलगी असल्यास प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र मातेला ६,००० रुपये मिळतात. त्यासाठी लागणारी माहिती प्रसूती विभागातील परिचारिकांकडून घरी जाण्यापूर्वीच विचारून घ्यावी.