भावाआधी पेरा विचारा

(केम, तालुका करमाळा. भाची घरची शेती पाहते, मामांनी कृषी अर्थशास्त्र शिकवलं आहे.)

भाची : मामा, मृग लागला की शिवारात एकच चर्चा सुरू होते, यंदा तुरीला किती रान द्यायचं? भावाचे अंदाज मोबाईलवर रोज येतात. एक म्हणतो तूर दहा हजारांवर जाणार, दुसरा म्हणतो सात हजारही टिकणार नाही. यातला कोणता खरा धरायचा?

मामा : जो अंदाज नुसता एक आकडा सांगतो आणि तो कशावर उभा आहे ते सांगत नाही, त्याच्या भरवशावर पेरणी करू नये. भाव हा हिशेबाच्या शेवटी येतो. त्याआधी मागच्या हंगामाची शिल्लक, यंदाचा पेरा, एकरी उतारा आणि बाहेरून येणारा माल या चार गोष्टी मांडाव्या लागतात, आणि त्यांच्यासमोर खप ठेवावा लागतो. डाळीचा खप वर्षाकाठी फारसा हलत नाही. भाव उतरला म्हणून कुणी दुप्पट वरण खात नाही आणि चढला म्हणून डाळ पूर्ण सोडत नाही. त्यामुळे पुरवठ्यात थोडा फरक पडला तरी भावात मोठा पडतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये ग्रेगरी किंग याच्या नावाने ओळखला जाणारा एक हिशेब मांडला गेला. पीक एक दशांशाने घटलं तर धान्याचा भाव तीन दशांशाने चढतो, दोन दशांशाने घटलं तर आठ दशांशाने. आजच्या तुरीला ते आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण घट दुप्पट झाली की भावाची उडी दुपटीहून मोठी होते, हे अजूनही खरं आहे. म्हणून भावाचा अंदाज विचारण्याआधी पेरा आणि शिल्लक विचारावी.

भाची : पण मागच्या वर्षी मिळालेला भाव हा तर हातातला पुरावा आहे. तो बघून पेरलं तर चुकलं कुठे?

मामा : तो पुरावा तुझ्याकडे आहे तसाच लाखो शेतकऱ्यांकडे आहे, चूक तिथेच होते. 2015-16 मध्ये देशात तूर साधारण 25.6 लाख टन झाली. लागोपाठ दोन वर्षं पाऊस कमी होता आणि किरकोळ बाजारात तूरडाळ किलोला 200 रुपयांच्या घरात गेली. तो भाव पाहून पुढच्या खरिपात पेरा वाढला, पाऊसही चांगला झाला आणि 2016-17 चं उत्पादन सुमारे 48.7 लाख टनांवर गेलं, म्हणजे जवळपास दुप्पट. बोनस धरून हमीभाव क्विंटलला 5,050 रुपये होता, तरी बाजार त्याच्या खाली उतरला. महाराष्ट्रात खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या आणि बारदानाही कमी पडला. हे फक्त आपल्याकडे घडतं असंही नाही. 1928 मध्ये जर्मनीत आर्थर हानाऊ याने डुकरांच्या भावात हेच चक्र दाखवलं आणि 1938 मध्ये मोर्डेकाय इझीकिएल याने त्याची सविस्तर मांडणी केली. पेरणीचा निर्णय आजच्या भावावर होतो, माल मात्र सहा महिन्यांनी बाजारात येतो. या सहा महिन्यांत बाकीच्यांनी काय केलं हे कळत नाही, म्हणून तेजीच मंदीला जन्म देते.

भाची : मग उलटी अडचण येईल. अंदाज म्हणाला तूर पडणार, सगळ्यांनी ऐकलं, पेरा घटला आणि तूर चढली. अंदाज खोटाच ठरला की!

मामा : आक्षेप बरोबर आहे. हवामानाचा अंदाज ऐकून ढग आपला बेत बदलत नाहीत, शेतकरी बदलतो. पण पेरणीआधी दिलेल्या अंदाजाचं यश तो खरा ठरण्यावर मोजायचंच नसतं. तो ऐकून काही जणांनी पाच एकरांऐवजी तीन एकर तूर लावली आणि भाव कोसळला नाही, तर त्याने आपलं काम केलं. सगळेच एकदम उलटे वळले तर मात्र नवं संकट उभं राहतं. ते टाळायचं तर पेऱ्याची माहिती पेरणी सुरू असतानाच, आठवड्याच्या आठवड्याला मिळाली पाहिजे, म्हणजे मागून पेरणाऱ्याला आधीच्यांनी काय पेरलं ते दिसेल. खरिपाच्या पेऱ्याचे साप्ताहिक आकडे केंद्रीय कृषी मंत्रालय देतं, ते भावाच्या भाकितापेक्षा जास्त उपयोगी आहेत.

भाची : तुरीचं समजलं. पण कांद्याचं काय? तिथे तर एका रात्रीत सरकारी आदेश निघतो आणि सगळा हिशेब उधळतो.

मामा : हा सर्वांत जड आक्षेप आहे. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लागलं, ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य आलं आणि 8 डिसेंबरला निर्यातबंदीच झाली. ती 4 मे 2024 ला उठली, शुल्क मात्र 1 एप्रिल 2025 पर्यंत कमी-जास्त प्रमाणात राहिलं. डिसेंबरमधली बंदी नेमकी सोलापूर बाजार समितीत खरिपाचा लाल कांदा भरभरून येत असताना आली. तो कांदा उन्हाळी कांद्यासारखा चाळीत टिकत नाही, त्यामुळे थांबण्याची सोयही नव्हती. तारीख कुणालाच आधी सांगता आली नसती, पण दिशा दिसत होती. शहरात कांदा महागला की पावलं ग्राहकाच्या बाजूने पडतात, आणि त्या वर्षी ती एकामागून एक कडक होत गेली. यावरून हिशेब असा निघतो की कांद्याच्या अंदाजाचा पट्टा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. वरचं टोक सरकार छाटतं, खालचं टोक शेतकरी सोसतो. म्हणून कांद्यात वरच्या भावाची आशा धरून खर्च वाढवू नये.

भाची : म्हणजे शेवटी जोखीम आमच्याच गळ्यात. ज्याच्याकडे पैसा आणि गोदाम आहे त्याला अंदाजाचा उपयोग. मला तर खळ्यावरूनच माल विकावा लागतो.

मामा : थांबण्याची ताकद सगळ्यांकडे सारखी नाही हे मान्य. म्हणूनच अंदाज पिकाच्या स्वभावाला जोडून वाचायचा. तूर थांबवता येते, शिवाय पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990-91 पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. लाल कांद्याला ती वाट नाही, म्हणून त्याचा निर्णय लागवडीआधीच घ्यावा लागतो. रब्बीची मालदांडी ज्वारी आणखी वेगळी. तिच्या भावात कडबा धरला नाही तर हिशेब अर्धाच राहतो. दुष्काळात दाणा कमी येतो तेव्हा चाऱ्याची टंचाई कडब्याला भाव देते, आणि घरची भाकरी बाजारावर अवलंबून राहत नाही. सगळं रान एका पिकाला न देता थांबणारं, न थांबणारं आणि घरात लागणारं अशी वाटणी केली, तर एक अंदाज चुकला तरी पूर्ण वर्ष बुडत नाही.

भाची : वाटणी तर आजोबाही करायचे. मग अंदाजाने नवं काय दिलं?

मामा : वाटणीचं प्रमाण. ती सवयीने करायची की यंदाचा पेरा, शिल्लक आणि आयातीचं धोरण बघून, इतकाच फरक आहे, पण त्याने दोन एकर इकडचे तिकडे होतात. तुरीचे वायदे 2007 पासून बंद आहेत, त्यामुळे पुढच्या महिन्यांचा भाव पडद्यावर दिसत नाही. अशा वेळी अंदाज देणाऱ्यावर जबाबदारी जास्त येते. त्याने भावाचा पट्टा सांगावा, आयात वाढली तर किंवा पाऊस फिरला तर तो कसा सरकेल ते सांगावं, आणि मागच्या वर्षी सांगितलेला पट्टा व प्रत्यक्ष मिळालेला भाव शेजारी शेजारी छापावा. चुका झाकणारा अंदाज दहा वेळा बरोबर आला तरी अकराव्या वेळी किती विश्वास टाकायचा हे ठरवता येत नाही. चुका दाखवणारा अंदाज निदान किती चुकू शकतो ते सांगतो, आणि पेरणीचा धोका त्यावरूनच मोजता येतो.