छायाचित्र वाचताना

प्रास्ताविक
सेबास्तियाव साल्गादो हे ब्राझीलमध्ये जन्मलेले जगद्विख्यात छायाचित्रकार. श्रम, स्थलांतर आणि निसर्ग हे त्यांच्या चित्रणाचे प्रमुख विषय. प्रस्तुत पाठात त्यांच्या काही छायाचित्रांचा आणि त्यांविषयी उठलेल्या वादाचा परिचय करून दिला आहे. ही छायाचित्रे ग्रंथालयातून वा संगणकावर मिळवून पाठ वाचताना शेजारी ठेवता आली, तर अवश्य ठेवा.

पाठ
मुंबईतील चर्चगेट या उपनगरी रेल्वेच्या स्थानकाचे एक कृष्णधवल छायाचित्र आहे. ते १९९५ साली टिपलेले आहे. दोन्ही बाजूंना लोकल गाड्या स्तब्ध उभ्या आहेत आणि मधल्या फलाटावरून माणसांचा लोंढा वाहतो आहे. ‘वाहतो आहे’ हे शब्द येथे अक्षरशः खरे आहेत. गाड्या स्पष्ट, रेखीव दिसतात. माणसे मात्र धूसर, एकमेकांत मिसळून गेलेली. कॅमेऱ्याचे शटर नेहमीपेक्षा अधिक काळ उघडे ठेवले, की स्थिर वस्तू ठसठशीत उमटतात आणि हलणाऱ्यांचा केवळ माग उरतो. मुंबईकर रोज या गर्दीतून जातो. पण तिचे हे रूप त्याला दिसत नाही, कारण तो स्वतःच तिच्यात असतो.

साल्गादो त्या फलाटावर पोहोचले ते जगभरातील स्थलांतरितांचा मागोवा घेत. गाव सोडून शहराकडे, देश सोडून परदेशी निघालेल्या माणसांचे चित्रण करत ते अनेक वर्षे तीसहून अधिक देशांत हिंडले. स्वतः त्यांनीही मायदेश सोडला होता. १९४४ साली जन्मलेले साल्गादो शिक्षणाने अर्थशास्त्रज्ञ. लष्करी राजवटीमुळे १९६९ साली ते आणि त्यांच्या पत्नी लेलिया पॅरिसला गेले. लेलिया यांनी वास्तुशास्त्राच्या अभ्यासासाठी एक कॅमेरा घेतला होता. तो साल्गादोंच्या हाती आला आणि सुटला नाही. कॉफीच्या व्यापाराशी संबंधित एका आंतरराष्ट्रीय संस्थेतील नोकरी त्यांनी १९७३ साली सोडली. चांगल्या पगाराच्या नोकरीवर पाणी सोडून कॅमेरा गळ्यात अडकवणाऱ्या मुलाविषयी वडीलधाऱ्यांना काय वाटत असेल, हे आपल्याकडे निराळे सांगायला नको!

त्यांची सर्वाधिक गाजलेली छायाचित्रे सेरा पेलादा येथील आहेत. ब्राझीलच्या उत्तरेकडील पारा राज्यात ही सोन्याची उघडी खाण होती. साल्गादो तेथे १९८६ साली गेले. एका प्रचंड खड्ड्यात सुमारे पन्नास हजार माणसे हातांनी माती उपसत होती. यंत्र असे जवळजवळ नव्हतेच. चिखलाने माखलेली माणसे पाठीवर मातीची पोती घेऊन लाकडी शिड्यांवरून वर चढत. या डळमळत्या शिड्यांना मजुरांनी ‘आई, येतो गं’ अशा अर्थाचे नाव दिले होते. पाय निसटला तर तेच शेवटचे शब्द ठरायचे. दुरून टिपलेल्या छायाचित्रात ही माणसे वारुळावरच्या मुंग्यांसारखी दिसतात. पाहणाऱ्याला क्षणभर वाटते, की हजारो वर्षांपूर्वीच्या गुलामांचेच हे दृश्य असावे.

आणि येथेच थांबून विचार केला पाहिजे. ती माणसे गुलाम नव्हती. कोणीही त्यांना बळाने आणलेले नव्हते. सोने लागेल या आशेने ती आपण होऊन आली होती. ज्या तुकड्यात सोने लागे, तेथील माती वाहणाऱ्यांना स्वतः आणलेल्या पोत्यांपैकी एक पोते निवडण्याचा हक्क असे. त्यात सोन्याचा खडा निघेल किंवा नुसती माती. एवढी मोठी गोष्ट छायाचित्रात कोठेच दिसत नाही. ती शब्दांतूनच कळते. छायाचित्र खोटे बोलले असे नव्हे, परंतु आपण मात्र त्यात आधीच माहीत असलेली गोष्ट पाहून मोकळे झालो होतो.

साल्गादोंवर मोठा आक्षेप घेतला गेला, तो त्यांच्या छायाचित्रांच्या सौंदर्याबद्दल. १९८४-८५ साली आफ्रिकेतील साहेल प्रदेशात दुष्काळ पडला असताना त्यांनी भुकेने खंगलेल्या माणसांची छायाचित्रे घेतली. प्रकाश, छाया, रचना या सर्व दृष्टींनी ती अप्रतिम आहेत. उपासमार इतकी देखणी दिसावी काय? अमेरिकन लेखिका सुझन सोंटॅग यांनी २००३ साली याहून नेमका मुद्दा मांडला. स्थलांतरितांच्या छायाचित्रांखाली त्या माणसांची नावे नाहीत, याकडे त्यांनी बोट दाखवले. प्रसिद्ध व्यक्तीचे छायाचित्र नावासह छापायचे आणि गरिबाला केवळ त्याच्या दुःखाचा नमुना म्हणून उभे करायचे, हा भेद त्यांना खटकला. साल्गादोंचे म्हणणे असे, की आपण त्याच जगातून आलो आहोत. गरिबांचे जग श्रीमंतांच्या जगापेक्षा कुरूप का दिसावे? सौंदर्याच्या बाबतीत त्यांचे उत्तर पटण्याजोगे आहे. नावांच्या बाबतीत मात्र सोंटॅग यांचे पारडे जड आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

रवांडातील १९९४ च्या नरसंहाराचे चित्रण केल्यानंतर साल्गादो मनाने आणि शरीराने खचले. ते मिनास जेराइस राज्यातील वडिलांच्या शेतावर परतले, तर लहानपणी पाहिलेले जंगल नाहीसे होऊन जमीन उजाड झालेली. येथे पुन्हा झाडे लावू, हे लेलिया यांनी सुचवले. १९९८ साली दोघांनी त्यासाठी एक संस्था स्थापन केली. पुढे तेथे स्थानिक जातींची वीस लाखांहून अधिक झाडे लावली गेली, आटलेले झरे पुन्हा वाहू लागले. त्यानंतर साल्गादोंनी कॅमेरा निसर्गाकडे वळवला. हिमनग, ज्वालामुखी, ॲमेझॉनची वने आणि तेथील आदिवासी हे त्यांचे उत्तरायुष्यातील विषय. २०२५ साली पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

सेरा पेलादाची खाण १९९२ साली बंद झाली आणि त्या खड्ड्याचे तळे झाले. तेथील एका छायाचित्रात उघड्या अंगाचा, चिखलाने माखलेला एक मजूर गणवेशातील पोलिसाच्या बंदुकीची नळी हाताने धरून त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून उभा आहे. भोवती माणसेच माणसे आहेत. छायाचित्राखाली खाणीचे नाव आहे, देश आहे, वर्ष आहे. मजुराचे नाव नाही.

स्वाध्याय
१. चर्चगेटच्या छायाचित्रात माणसे धूसर का दिसतात? तांत्रिक कारण सांगून त्यातून तुम्हांला जाणवणारा अर्थ लिहा.
२. सोंटॅग आणि साल्गादो यांच्यापैकी कोणाचे मत तुम्हांला पटते? सकारण लिहा.
३. तुमच्या घरातील एक जुने छायाचित्र घ्या. त्यातील प्रत्येक व्यक्तीचे नाव घरातील वडीलधाऱ्यांना विचारून मागील बाजूस लिहा. जे चित्रात दिसत नाही, पण विचारल्यावर कळले, ते आठ ते दहा ओळींत लिहून काढा.