घरची वाट

मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील बोरिवली हे मोठ्या वर्दळीचे स्थानक आहे. उपनगरी गाड्या तर येथे मिनिटामिनिटाला येतातच. शिवाय गुजरात, राजस्थान आणि त्याहूनही दूरच्या प्रांतांतून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या कितीतरी गाड्या येथे थांबतात. उतरणाऱ्या प्रत्येकाला आपण कोठे जायचे हे ठाऊक असते. कोणी नोकरीवर निघालेला असतो, कोणी नातलगाकडे. परंतु या गर्दीत एखादे वेळी असाही कोणी उतरतो, की ज्याला आपण कोठून आलो आणि कोठे निघालो, यांपैकी काहीच सांगता येत नाही. त्याच्या केसांच्या जटा झालेल्या असतात. अंगावर चिंध्या असतात. तो स्वतःशीच काही पुटपुटतो, मध्येच हसतो, मध्येच घाबरून कोपऱ्यात दडतो. लोक त्याला टाळून पुढे जातात. पोरे त्याला ‘वेडा’ म्हणतात आणि क्वचित खडाही मारतात.

हा मनुष्य वाट चुकलेला असतो. पण ती चूक रस्त्याची नसते. तो आजारी असतो. ताप जसा शरीराला येतो, तसेच मनालाही आजार होतात. त्यांतील एका मोठ्या आजाराला छिन्नमनस्कता म्हणतात. जगात सुमारे ३०० माणसांमागे एकाला तो जडतो, आणि पुष्कळदा ऐन तारुण्यात जडतो. रोग्याला नसलेले आवाज ऐकू येतात. घरचीच माणसे आपल्या जिवावर उठली आहेत असा त्याला संशय येतो. त्या भीतीपोटी तो एके दिवशी घरातून निघतो, समोर दिसेल त्या गाडीत बसतो आणि शेकडो कोस दूर येऊन पडतो. मुंबईकडे सर्व दिशांनी रूळ येत असल्याने असे पुष्कळ जीव वाहत वाहत या शहरात येतात. त्यांची भाषा येथे कोणास कळत नाही, आणि कळली तरी ते काय बोलतात याचा अर्थ लागत नाही.

१९८८ सालची गोष्ट आहे. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी स्मिता वाटवानी हे दोघे तरुण डॉक्टर बोरिवलीत मनोरुग्णांवर उपचार करीत असत. भरत यांचे बालपण कष्टात गेले होते. ते १२ वर्षांचे असतानाच वडिलांचे छत्र हरपले होते. एके दिवशी हे दांपत्य एका उपाहारगृहात बसले असता त्यांना रस्त्यापलीकडे एक कृश, मळकट तरुण दिसला. त्याच्या हातात नारळाची करवंटी होती. तो खाली वाकला, त्याने गटारातील पाणी त्या करवंटीत घेतले आणि तो ते पिऊ लागला.

दोघेही उठले व त्याच्याजवळ गेले. आमच्याबरोबर येतोस का, असे त्यांनी विचारताच तो निमूटपणे निघाला. रुग्णालयात त्याला आंघोळ घातली, केस कापले, खाऊ घातले, औषध सुरू केले. काही दिवसांनी तो बोलू लागला, तेव्हा डॉक्टरही थक्क झाले. तो विज्ञानाचा पदवीधर होता! आंध्र प्रदेशात त्याचे घर होते आणि त्याचे वडील तेथील जिल्हा परिषदेत अधिकारी होते. कळवताच वडील धावत आले. मुलगा त्यांच्याबरोबर घरी गेला.

या एका प्रसंगाने वाटवानी दांपत्याच्या आयुष्याला निराळे वळण लागले. रस्त्यावर हिंडणाऱ्या अशा माणसांस आपल्याकडे आणावयाचे, बरे करावयाचे आणि त्यांचे घर शोधून तेथे पोहोचवावयाचे, असे काम त्यांनी त्याच वर्षी ‘श्रद्धा’ या संस्थेच्या नावाने आरंभिले. जागा म्हणजे त्यांचे स्वतःचेच छोटे रुग्णालय. ती अर्थातच पुरेना.

मदत आली ती अनपेक्षित दिशेने. रस्त्यावर सापडलेला एक रुग्ण मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात शिकवणारा चित्रकार निघाला. आपल्यातील एक शिक्षक या दशेला पोहोचला होता, हे कळल्यावर चित्रकारांना फार हळहळ वाटली. शंभराहून अधिक चित्रकारांनी आपली चित्रे संस्थेस दिली; त्यांचे प्रदर्शन भरले आणि विक्रीतून पैसा उभा राहिला. त्यातून बोरिवलीच्या उत्तरेस दहिसर येथे २० खाटांचे घर १९९७ साली सुरू झाले.

घर बांधणे एक वेळ सोपे, पण शेजार मिळवणे अवघड. आपल्या वस्तीत मनोरुग्ण राहणार म्हणताच आसपासच्या लोकांना धास्ती वाटली. आपल्या लेकराबाळांस यांच्यापासून इजा तर होणार नाही ना, असे त्यांच्या मनात आले. विरोध झाला, आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. त्या शेजाऱ्यांना निर्दय म्हणणे योग्य होणार नाही. ज्याची माहिती नसते, त्याचे भय मनुष्याला वाटतेच. मात्र हे भय बहुतांशी निराधार असते. असा रुग्ण दुसऱ्यास मारतो त्यापेक्षा दुसऱ्यांकडून मार खातो, हेच अधिक वेळा घडते. अखेरीस संस्थेचे काम चालू राहिले.

दहिसरची जागाही अपुरी पडू लागली. त्या सुमारास डॉ. वाटवानी यांची बाबा आमटे यांच्याशी भेट झाली. बाबांनी वरोड्याजवळ आनंदवन वसवून कुष्ठरोग्यांस स्वतःच्या घामावर जगणारे गाव दिले होते. रोग्याला नुसती खाट देऊन भागत नाही, त्याला काम आणि मान द्यावा लागतो, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखविले होते. त्यांनी या डॉक्टरांना मोठे काम हाती घेण्यास उत्तेजन दिले. २००६ साली रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळ १२० रुग्णांची सोय असलेले केंद्र उभे राहिले.

या घरातील पहिला दिवस बहुधा स्नानाने उजाडतो. कित्येक महिन्यांचा, कधी वर्षांचा मळ अंगावर साचलेला असतो. नखे वाढून वाकडी झालेली असतात. केसांचा गुंता विंचरून सुटण्याजोगा नसतो. तो कापावाच लागतो. जखमांत कधी किडे पडलेले असतात. त्या धुऊन पट्टी बांधणारा मनुष्य नाक मुरडत असेल, तर रुग्णाला ते कळते. मन दुखावले असले, तरी मान-अपमान जाणण्याची त्याची शक्ती शाबूत असते. म्हणून येथे काम करणाऱ्यास पहिला धडा मिळतो तो हळू बोलण्याचा. त्यानंतर स्वच्छ कपडे, गरम जेवण आणि औषध. मनाच्या अशा आजारावर गुणकारी ठरणारे पहिले औषध १९५२ साली पॅरिसमध्ये वापरात आले. त्यानंतर अनेक औषधे निघाली. ती नियमाने घेतल्यास काही आठवड्यांत कानांतले आवाज मंदावतात, झोप लागू लागते, भीती ओसरते.

मग दिवसाला आकार येतो. कोणी भाजीच्या वाफ्यांना पाणी देतो, कोणी स्वयंपाकघरात बसून भाजी निवडतो, कोणी अंगण झाडतो. ज्याला अजून काही करावेसे वाटत नाही, तो झाडाखाली बसून राहतो. त्याच्यावर सक्ती नसते. हे काम दिसायला किरकोळ आहे. परंतु काल ज्याला आपले नाव आठवत नव्हते, तो आज ‘माझा वाफा’ म्हणू लागतो, हे किरकोळ नव्हे.

आणि एके दिवशी घर आठवते. ते एकदम पत्त्याच्या रूपाने आठवत नाही. आधी आठवते एखादी नदी, मग नदीकाठचे देऊळ, शाळेतल्या गुरुजींचे नाव, ज्या बाजाराला आईबरोबर जात असे त्या बाजाराचा वार. येथे भाषेचे महत्त्व कळून येते. बंगाली बोलणाऱ्या बाईशी मराठीत किंवा हिंदीत कितीही गोड बोलले, तरी ती गप्प राहते. पण कोणी तिच्या बोलीत ‘जेवलीस का?’ असे विचारताच तिचे डोळे भरून येतात आणि बोलण्याचा बांध फुटतो. म्हणून वेगवेगळ्या भाषा जाणणारे समाजसेवक या कामाला लागतात. त्यांच्या हाती आलेला धागा तुटपुंजा असतो. गावाचे नाव अर्धवट, उच्चार बदललेला, जिल्हा ठाऊक नाही! ते नकाशा उघडतात, त्या नावाची गावे शोधतात, तेथील पोलीस ठाण्यास विचारतात. एकाच नावाची चार गावे निघाली, की चारही ठिकाणी चौकशी होते.

पत्ता लागला म्हणजे प्रवास सुरू होतो. रुग्णाला नुसते तिकीट हाती देऊन पाठवीत नाहीत. समाजसेवक त्याच्यासोबत जातो. कधी दोन दिवस आगगाडी, मग मोटार, मग बैलगाडी किंवा होडी, आणि शेवटी पायवाट. गाव जवळ येऊ लागले, की आतापर्यंत मुकाट बसलेला मनुष्य वाट दाखवू लागतो. ‘इकडून नको, तिकडून जवळ पडेल,’ असे तो म्हणतो. आता पाहुणा समाजसेवक असतो आणि वाटाड्या तो असतो. काही घरांत त्याला मृत समजून उत्तरक्रियाही उरकलेली असते. अंगणात उभ्या असलेल्या माणसाकडे पाहून म्हातारी आई आधी किंचाळते आणि मग त्याला पोटाशी धरते. सारा गाव लोटतो. या गडबडीतच समाजसेवकाला आपले खरे काम करावयाचे असते. औषधे कोणती, ती केव्हा द्यावयाची, बरे वाटले म्हणून ती बंद का करू नयेत, मुलावर भूतबाधा नाही, तो आजारी होता, हे सर्व त्याला घरच्यांस बसवून समजावून सांगावे लागते. औषध सुटले तर आजार उलटतो. आणि उलटला, तर तोच मनुष्य पुन्हा एखाद्या गाडीत बसण्याचा संभव असतो. तसे कधीकधी घडतेही.

अशा रीतीने हजारो माणसे भारतभर आपापल्या घरी पोहोचली. २०१८ साली डॉ. भरत वाटवानी यांस या कार्यासाठी रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

परंतु प्रत्येक गोष्टीचा शेवट अंगणातल्या भेटीने होत नाही. कोणाचे आईबाप दिवंगत झालेले असतात. कोणाच्या भावाला त्याची जबाबदारी नको असते, आणि दार उघडले तरी मन उघडत नाही. काही स्त्रियांचे पती दुसरा संसार थाटून बसलेले असतात. अशी माणसे बरी होऊनही पूर्वी वर्षानुवर्षे मनोरुग्णालयांतच पडून राहत. त्यांना औषधाची जेमतेम एक गोळी लागे; खाट मात्र आयुष्यभर व्यापली जाई. २०१७ साली संसदेने संमत केलेल्या मानसिक आरोग्य कायद्याने ही गोष्ट अयोग्य ठरविली. केवळ कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारीत नाही एवढ्याच कारणासाठी कोणासही रुग्णालयात ठेवता कामा नये, त्याला समाजात राहण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी आधार देणारी घरे शासनाने उपलब्ध करावीत, असे हा कायदा सांगतो. कायदा झाला म्हणून घरे आपोआप उभी राहत नाहीत. ती अजून फार थोडी आहेत.

समाजात राहावयाचे म्हणजे कसे, याचे जुने उदाहरण बेल्जियम देशात आहे. तेथील गेल नावाच्या गावी एका संत स्त्रीचे देवस्थान आहे. मनाचे आजार बरे व्हावेत म्हणून यात्रेकरू तेथे रोग्यांना आणीत. देवळातली जागा भरली, की गावकरी त्यांना आपल्या घरी ठेवून घेत. कित्येक शतके लोटली, तरी ही रीत चालूच राहिली. १९३८ सालच्या सुमारास त्या लहानशा गावात साडेतीन हजारांहून अधिक असे पाहुणे घराघरांत राहत होते. ते शेतात काम करीत, घरातली मुले सांभाळीत, कुटुंबाबरोबर एकाच पंगतीला जेवीत. आता ही संख्या बरीच घटली आहे. परंतु प्रथा मोडलेली नाही. डॉक्टर आणि परिचारिका मागे असतात, पण घर रुग्णालय होत नाही. तेथील मुलांना शेजारच्या घरातले ‘पाहुणे’ लहानपणापासून ठाऊक असतात. म्हणून त्यांना त्यांची भीती वाटत नाही.

आपल्या देशात चेन्नईच्या ‘बन्यन’ या संस्थेने असाच एक मार्ग काढला आहे. वस्तीतले एखादे साधे घर भाड्याने घ्यावयाचे, त्यात बऱ्या झालेल्या चार-पाच जणींनी एकत्र राहावयाचे, आणि मदतीस एक सोबतीण असावयाची. महाराष्ट्रात रत्नागिरीकडेही अशी घरे आहेत. सोबतीण औषधांची आठवण करते, कोणी आजारी पडल्यास डॉक्टरकडे नेते, बाजारहाटाला बरोबर जाते. बाकीचे निर्णय घरातल्यांचे. आज भात टाकावयाचा की भाकरी, कोणी केर काढावयाचा, मिळालेल्या मजुरीतून साडी घ्यावयाची की पैसे साठवावयाचे, यावर चर्चा होते, भांडणेही होतात. ज्यांनी दहा-वीस वर्षे रांगेत उभे राहून ताटात पडेल ते खाल्ले, त्यांना पहिले काही दिवस हे सारे फार कठीण जाते. चहा केव्हा घ्यावयाचा हेही त्या विचारून विचारून करतात. मग हळूहळू विचारणे थांबते. शेजारीण वाटीभर साखर मागावयास येते, आणि घरातली कोणीतरी उठून डबा काढते.